खाडीतल्या जीवाणूला पाणी गोडे झाल्याचे कसे कळते?

खाडीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. यंदा मृगाचा पाऊस धरल्यावर आठवड्याभराने आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन खाडीच्या पाण्याचे नमुने आणायला गेलो होतो. मे महिन्यात त्याच धक्क्यापाशी लिटरमागे ३२ ग्रॅम क्षार मोजले होते. त्या दिवशी ओहोटीच्या वेळी ते ५ ग्रॅमवर आले होते आणि सहा तासांनी भरती आल्यावर पुन्हा चढले होते. परतताना एका विद्यार्थिनीने, जिच्या घरी मासेमारीच चालते, मला विचारले, "मॅडम, पाणी बदलले की निवटी बिळात शिरते, कालव शिंपला मिटून घेते. जीवाणूला बीळही नाही आणि शिंपलाही नाही, मग तो काय करतो? आणि मुळात पाणी बदलल्याचे त्याला कळते कशाने?"

तेव्हा मी दिलेले उत्तर घाईचे होते आणि ते माझे मलाच पुरेसे वाटले नाही. म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, अचानक कोसळलेल्या पावसाला तोंड देताना जीवाणूला 'कळण्या'इतकाही वेळ नसतो. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या पेशीच्या आत क्षार आणि इतर विरघळलेले पदार्थ भरपूर असतात, त्यामुळे बाहेर गोडे पाणी आले की ते पेशीत वेगाने शिरते. अशा वेळी जनुकाला निरोप पोचून नवे प्रथिन तयार होण्याची वाट पाहिली, तर तोवर पेशी फुटून गेलेली असेल. यासाठी पेशीपटलातच झडपा बसवलेल्या असतात. खारभूमीच्या बांधाला जशी उघाडी असते, तशीच ही सोय आहे. पटलावरचा ताण वाढला की तो ताणच झडप उघडतो. सुखारेव्ह, कुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अशा एका झडपेचे जनुक शोधून काढले. ती पूर्ण उघडली की सुमारे ३ नॅनोमीटर रुंदीची वाट होते आणि पोटॅशियम, ग्लुटामेट असे पदार्थ क्षणार्धात बाहेर पडून दाब उतरतो. या कामात निरोप्या कोणी नसतो; जे प्रथिन ताण ओळखते तेच वाटही उघडते.

पण निभावणे वेगळे आणि नव्या पाण्यात नांदणे वेगळे. त्यासाठी पेशीला आपली मांडणी बदलावी लागते, आणि इथे त्या जोडप्रथिनांचे काम सुरू होते ज्यांना द्विघटकी यंत्रणा म्हणतात. सर्वांत बारकाईने अभ्यासलेले उदाहरण ई. कोलायचे आहे. हा जीवाणू आतड्यात राहतो. तो खाडीचा मूळ रहिवासी नव्हे, आपल्या सांडपाण्याबरोबर तिथे पोचतो. त्याच्या बाह्यपटलात दोन प्रकारची दारे असतात. 'ओम्प-एफ' हे किंचित रुंद आणि 'ओम्प-सी' हे किंचित अरुंद. आतड्यात विद्राव्य पदार्थ दाट असतात आणि पित्तासारखे त्रासदायक घटकही असतात, तेव्हा अरुंद दारे सोयीची पडतात. पातळ, निकस पाण्यात अन्न दुर्मिळ असते, तेव्हा रुंद दारे उपयोगी पडतात. कोणती दारे किती बसवायची, हे 'एन्व्ह-झेड' आणि 'ओम्प-आर' ही जोडी ठरवते.

'एन्व्ह-झेड' आतल्या पटलात आरपार रोवलेले असते. परिस्थिती बदलली की त्याच्या आकारात फरक पडतो आणि ते एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतला एक फॉस्फेट गट काढून स्वतःच्याच एका ठरावीक हिस्टिडीन या अमिनो आम्लावर घेते. हा फॉस्फेट तिथे फार काळ राहत नाही. तो जोडीदाराच्या, म्हणजे 'ओम्प-आर'च्या, एका ॲस्पार्टिक आम्लावर जातो. फॉस्फेट मिळालेल्या 'ओम्प-आर'चा आकार बदलतो आणि ते डीएनएवर घट्ट बसू लागते. असे 'ओम्प-आर' थोडे असेल तर ते रुंद दाराचे जनुक चालू ठेवते. भरपूर झाले की तेच रुंद दाराचे जनुक बंद पाडते आणि अरुंद दाराचे चालू करते. 'एन्व्ह-झेड' फॉस्फेट देते तसे ते परतही काढून घेते, त्यामुळे यंत्रणा एकदा वर गेली की तिथेच अडकून पडत नाही. पाणी दिवसातून दोनदा बदलणाऱ्या खाडीचा विचार केला की हे काढून घेणे देण्याइतकेच मोलाचे आहे, हे लक्षात येते.

क्षारता नेमकी कोठे जाणवते याविषयीची समजूतही बदलत गेली आहे. संवेदकाचा, म्हणजे 'एन्व्ह-झेड'चा, जो भाग पटलाबाहेर डोकावतो तोच बाहेरची खबर घेत असणार, असे स्वाभाविकपणे मानले जात होते. २०१२ मध्ये केनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की पेशीच्या आतल्या बाजूचा भागच क्षारतेनुसार आपली घडी बदलतो. बाहेर मीठ वाढले की पेशीतले पाणी कमी होते आणि आतला रस दाटतो. संवेदक त्या दाटपणाला प्रतिसाद देतो. मला स्वतःला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून हे दिसते की 'बाहेरचे' ओळखण्यासाठी बाहेर हात काढण्याची गरज दर वेळी नसते.

ही हिस्टिडीन ते ॲस्पार्टेट अशी देवघेव प्रथम उलगडली ती नायट्रोजनच्या टंचाईचा अभ्यास करताना. १९८६ मध्ये निन्फा आणि मॅगासानिक यांनी एक प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेट चढवते हे दाखवले आणि त्याच वर्षी निक्सन, रॉन्सन व ऑसुबेल यांनी अशाच रचनेच्या जोड्या अनेक जीवाणूंत असल्याचे निदर्शनास आणले. ई. कोलायमध्ये अशा तीसेक जोड्या आहेत. मातीत कळपाने हिंडून इतर जीवाणूंवर जगणाऱ्या मिक्सोकॉकसमध्ये शंभराहून अधिक संवेदक आहेत, तर माणसाच्या शरीरातच आयुष्य काढणाऱ्या मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियममध्ये अशी एकही जोडी नाही.

सड्यावरचा

ताई, लेख आवडला. मी आयुष्यभर उपकरणांच्या दुरुस्तीत होतो, म्हणून दोन शंका विचारतो. एक म्हणजे 'कळते', 'ठरवते', 'खबर घेते' हे शब्द मला खटकतात. तापमापीतला पारा चढतो, पण ताप आल्याचे पाऱ्याला कळते असे आपण म्हणत नाही. दुसरी शंका जास्त तांत्रिक आहे. एकाच पेशीत तीस जोड्या आहेत, सगळ्यांचे चलन एकच आहे, म्हणजे फॉस्फेट, आणि सगळ्यांची रचना जवळजवळ सारखी आहे. मग एकाचा निरोप दुसऱ्याकडे का जात नाही? आमच्या धंद्यात एकाच खांबावर तीस तारा ओढल्या तर पहिला प्रश्न हाच पडतो.

खाडीकाठ

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिचे उत्तर प्रयोगाने मिळालेले आहे. संवेदक आणि त्याचा जोडीदार जिथे एकमेकांना टेकतात, त्या पृष्ठभागावर मोजकीच अमिनो आम्ले अशी असतात की ती जोडीची ओळख ठरवतात. मायकेल लाउब यांच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये 'एन्व्ह-झेड'मधली अशी थोडीशी अमिनो आम्ले बदलली आणि ते संवेदक आपला जोडीदार सोडून दुसऱ्याच जोडीतल्या प्रथिनाला फॉस्फेट देऊ लागले. शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनात एवढा फरक पुरतो. शिवाय, संवेदक आपल्या जोडीदारावरचा फॉस्फेट काढूनही घेतो हे वर आले आहे. त्याचा एक फायदा असा की वाट चुकून भलतीकडून आलेला फॉस्फेटही पुसला जातो. आपल्या भाषेत सांगायचे तर तारा एकाच खांबावर आहेत, पण प्रत्येकीचे जोडटोक वेगळ्या खाचेचे आहे, आणि शिवाय प्रत्येक टोकाला निचऱ्याची सोय आहे.

पहिल्या शंकेशी मी अर्धी सहमत आहे. जीवाणूला जाणीव आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही आणि वर्गात मी 'ठरवते' हा शब्द टाळायला हवा. पण पाऱ्याची उपमाही पुरी पडत नाही. पारा फक्त चढतो. त्याच्या चढण्याने पुढे काही घडत नाही आणि पूर्वी किती ताप होता याची नोंद तो ठेवत नाही. जीवाणूत खबर घेणारे प्रथिन वेगळे, त्यावर कृती करणारे वेगळे, आणि काही यंत्रणांत मागची नोंद ठेवणारे तिसरेच असते.

कोळंबीतळे

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण विषयाशी संबंध आहे असे वाटते. आमचे खाजणात कोळंबीचे दोन तलाव आहेत. एका हंगामात कोळंबी मरू लागली. रात्री पाहणीसाठी जाळे टाकले तेव्हा मेलेली कोळंबी अंधारात निळसर-हिरवा उजेड देत होती. चकाकणाऱ्या व्हिब्रिओचा हा रोग असल्याचे नंतर समजले. तेव्हा एका विक्रेत्याने मला एक महागडी भुकटी दिली आणि सांगितले की, हे जीवाणू एकमेकांशी बोलून हल्ला करतात आणि ही भुकटी त्यांचे बोलणे बंद पाडते. मी ती दोन वेळा घातली. पीक तर गेलेच. जीवाणू खरोखर बोलतात का, आणि अशी भुकटी असू शकते का, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

पागोळी

कोळंबीतळेदादा, तुमचे नुकसान वाचून वाईट वाटले. आमच्याकडे थंडीत काही रात्री लाटा निळ्या चमकतात आणि बघायला गर्दी होते. ती चकाकीही याच जीवाणूंची असते का?

खाडीकाठ

पागोळी, आपल्या किनाऱ्यावर लाटा चमकतात तेव्हा ते बहुतेक वेळा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय सजीवाचे काम असते. तो जीवाणू नव्हे. त्याची पेशी जीवाणूच्या शेकडो पट मोठी, नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखी दिसू शकणारी असते. लाट फुटल्याने किंवा पाय पडल्याने धक्का बसला की तो क्षणभर चमकतो. जीवाणूंचा उजेड असा लखलखत नाही, तो एकसारखा तेवत राहतो.

आता दादांचा प्रश्न. 'बोलणे' ही उपमा आहे, पण तिच्यामागची घटना खरी आहे. १९७० मध्ये नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी समुद्रातल्या चकाकणाऱ्या जीवाणूंवर काम करताना पाहिले की पेशी विरळ असताना उजेड पडत नाही. त्या वाढून दाट झाल्या की एकदम पडतो. कारण असे की प्रत्येक पेशी एक छोटा रेणू सतत बाहेर सोडत असते. पेशी थोड्या असतील तर तो पाण्यात विरून जातो. पेशी दाटल्या की त्याचे प्रमाण वाढते आणि त्या वाढीलाच पेशी प्रतिसाद देतात. १९९४ मध्ये या घटनेला जे इंग्रजी नाव मिळाले त्याचा मराठी अर्थ 'गणपूर्ती ओळखणे' असा होतो. ग्रामसभेत जशी गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसेच हे आहे. एकट्याने विष सोडून किंवा उजेड पाडून काही साधत नाही, म्हणून ती कामे संख्या जमल्यावरच होतात.

तुमच्या तलावातला जीवाणू बहुधा व्हिब्रिओ हार्वेयी किंवा त्याचा जवळचा भाऊबंद असावा. त्याची यंत्रणा बॉनी बॅसलर यांच्या प्रयोगशाळेने उलगडली आणि ती वर सांगितलेल्या फॉस्फेटच्या देवघेवीवरच चालते. त्याला एक नव्हे तर तीन वेगवेगळे रेणू ओळखता येतात. एक बहुतांशी त्याच्या आप्तांचा असतो, एक व्हिब्रिओच्या गोतावळ्याचा असतो, आणि एक इतर अनेक जातींच्या जीवाणूंकडूनही येतो. या तिसऱ्या रेणूत बोरॉन असतो, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. तिन्ही संवेदक एकाच साखळीत फॉस्फेट ओततात. यात एक उलटी बाब आहे, जी विद्यार्थ्यांना समजावताना मला नेहमी थांबून सांगावी लागते. रेणू नसताना, म्हणजे पेशी एकटी असताना, फॉस्फेट वाहत असतो आणि त्यामुळे उजेडाची जनुके दाबून ठेवली जातात. रेणू आले की संवेदक फॉस्फेट देण्याऐवजी काढून घेऊ लागतात, दाब उठतो आणि उजेड पडतो. म्हणजे शांतता टिकवण्यासाठी यंत्रणा सतत राबत असते.

भुकटीविषयी सांगायचे तर कल्पना निराधार नाही. काही बॅसिलस जीवाणूंकडे असे विकर (एन्झाइम) असते की ते या रेणूंपैकी एका वर्गाचे कडे फोडून तो निकामी करते, आणि हे २००० सालापासून माहीत आहे. पण तीन वाटांपैकी फक्त पहिल्या वाटेचा रेणू त्या वर्गातला आहे. उरलेल्या दोन वाटांच्या रेणूंना ते विकर हात लावू शकत नाही. काचेच्या नळीत, ठरावीक क्षारतेत आणि एकाच जातीच्या जीवाणूवर दिसलेला परिणाम उघड्या तलावात, गाळ, खाद्य आणि इतर असंख्य जीवाणूंच्या संगतीत दिसेलच असे कोणी छातीठोकपणे म्हणत असेल तर त्याच्याकडे त्याच क्षारतेच्या तलावातले मोजमाप मागावे. तुम्हाला ते दाखवले गेले नाही, यात तुमची चूक नव्हती.

वायंगण

मी दापोली तालुक्यात भात काढल्यावर त्याच ओलीवर वाल आणि कुळीथ घेतो. एका वर्षी जीवाणू संवर्धकाचे पाकीट आणून बियाण्याला चोळले. मुळांवर गाठी आल्या, पण रोप पिवळेच राहिले. एका जाणत्या शेजाऱ्याने गाठ नखाने फोडून दाखवली. ती आतून पांढरी होती. गाठ गुलाबी हवी, असे त्याने सांगितले. या गाठीतल्या जीवाणूलाही आपण कोठे आहोत हे असेच कळते का?

खाडीकाठ

तुमच्या शेजाऱ्यांची परीक्षा अगदी योग्य आहे. गाठ होण्याआधीच ओळख पटवण्याचा एक टप्पा असतो. मूळ फ्लॅव्होनॉइड वर्गातली द्रव्ये सोडते, जीवाणूतले एक प्रथिन ती ओळखते आणि जीवाणू उलट उत्तरादाखल एक खास रेणू सोडतो, ज्यामुळे मूळ त्याला आत घेते. हे कुलूप-किल्ली पिकागणिक बदलते. वाल आणि कुळीथ यांना चवळीच्या गटातले सावकाश वाढणारे जीवाणू लागतात. सोयाबीनसाठी केलेले पाकीट त्यांना मानवेलच असे नाही. त्या पाकिटावर पीक कोणते लिहिले होते, ते एकदा आठवून पाहा.

गुलाबी रंगाचे कारण पुढचे आहे. हवेतला नायट्रोजन बांधणारे विकर प्राणवायू लागला की बिघडते, तर जीवाणूला जगायला प्राणवायू हवाच असतो. म्हणून वनस्पती गाठीत आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखे एक तांबूस प्रथिन भरते, जे प्राणवायूची ने-आण करते पण तो मोकळा फारसा राहू देत नाही. जीवाणूकडे 'फिक्स-एल' नावाचे संवेदक असते आणि त्यातही लोहयुक्त हीम असते. हीमला प्राणवायू चिकटलेला असेपर्यंत ते गप्प राहते. प्राणवायू सुटला, म्हणजे आसपास तो कमी झाला, की ते 'फिक्स-जे' या जोडीदाराला फॉस्फेट देते आणि नायट्रोजन बांधण्याच्या कामाची जुळवाजुळव सुरू होते. तांबूसपणा दोघांकडेही आहे. वनस्पतीकडे प्राणवायू आवरण्यासाठी, जीवाणूकडे तो मोजण्यासाठी. तुमची गाठ पांढरी राहिली, म्हणजे हा व्यवहार तिथपर्यंत पोचलाच नाही.

गावचा डॉक्टर

या धाग्यात एक भर घालतो, कारण लावणीच्या दिवसांत हा विषय माझ्या दवाखान्यात रोज येतो. लेप्टोस्पायरोसिसचा जीवाणू उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात येतो आणि चिखलात भिजून चिरलेल्या पायांतून शरीरात शिरतो. मळ्यातले पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, तर रक्तातली क्षारता लिटरला सुमारे ९ ग्रॅम मिठाच्या तोडीची असते. २००५ मध्ये मात्सुनागा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाढीच्या द्रवातली क्षारता शरीराइतकी केली की हा जीवाणू 'लिग-ए' आणि 'लिग-बी' ही प्रथिने मोठ्या प्रमाणात करू लागतो. ही प्रथिने आपल्या ऊतींमधल्या फायब्रोनेक्टिनसारख्या घटकांना चिकटतात. याचा अर्थ असा होतो की खाडीकाठताईंच्या खाडीत जो बदल भरतीमुळे होतो, तोच बदल या जीवाणूला पायाच्या भेगेतून आत शिरताना भेटतो, आणि तो बदलच त्याला आसरा मिळाल्याची खूण ठरतो. म्हणून मी रुग्णांना सांगतो की जखम उघडी ठेवून चिखलात उतरू नका आणि लावणीनंतर ताप आला तर दोन दिवस वाट पाहत घरी बसू नका.

निवटी

मॅडम, धक्क्यावर प्रश्न विचारणारी ती मीच. सगळे वाचले. पण एक गोष्ट अजून समजली नाही. जनुके चालू-बंद होण्याला वेळ लागतो, तर पोहणाऱ्या जीवाणूला अन्न कोणत्या दिशेला आहे हे लगेच कसे समजते? त्याला पुढचे टोक आणि मागचे टोक यांतला फरक जाणवतो का?

खाडीकाठ

तुझे नाव इथे पाहून आनंद झाला. या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते.

ई. कोलायची लांबी सुमारे २ मायक्रॉन. एवढ्या अंतरात अन्नाच्या प्रमाणात पडणारा फरक रेणूंच्या स्वैर हालचालीत बुडून जातो, म्हणून तो दोन टोकांची तुलना करत नाही. तो आत्ताची आणि थोड्या वेळापूर्वीची तुलना करतो. मे महिन्यात रात्री वाडीतून जाताना कोठेतरी फणस पिकल्याचा वास येतो, पण झाड दिसत नाही, तेव्हा आपण काय करतो ते आठव. चार पावले टाकतो; वास वाढला तर तसेच पुढे जातो, कमी झाला तर वळतो. जीवाणूही तसेच करतो, फरक एवढाच की वळताना कोणत्या बाजूला वळायचे हे त्याला ठरवता येत नाही.

हॉवर्ड बर्ग यांनी १९७२ मध्ये खास सूक्ष्मदर्शक बांधून एकेका जीवाणूचा पाठलाग केला. तो सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, मग एक दशांश सेकंद गिरकी घेतो आणि कोणत्यातरी वेगळ्याच दिशेने निघतो. कशाभिकांच्या, म्हणजे पोहण्याच्या लांब तंतूंच्या, मोटरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या की त्यांची एक जुडी होते आणि तो सरळ जातो. एखादी मोटर घड्याळाच्या दिशेने फिरली की जुडी सुटते आणि गिरकी बसते. वातावरण सुधारत असेल तर गिरकी उशिरा येते. बस, एवढेच. पण तेवढ्याने तो सरासरीने अन्नाकडे सरकतो.

त्याच वर्षी मॅकनॅब आणि कॉशलंड यांनी जो प्रयोग केला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी जीवाणू एका द्रवात ठेवले आणि त्यात झटक्यात अन्नाचे प्रमाण सगळीकडे सारखेच वाढवले. आता कोणत्याच दिशेला जास्त अन्न नव्हते. तरीही जीवाणू काही काळ गिरकी न घेता सरळ पोहत राहिले, जणू ते योग्य दिशेला चालले होते. दोन टोकांची तुलना करणाऱ्याला इथे काहीच फरक जाणवला नसता. फरक जाणवला तो मागच्या क्षणाची नोंद बाळगणाऱ्याला.

ही नोंद कोठे असते? संवेदकांचे हजारो रेणू पेशीच्या टोकाशी षटकोनी जाळीत दाटीने बसलेले असतात आणि त्यांना 'चे-ए' हे हिस्टिडीनवाले प्रथिन जोडलेले असते. अन्न चिकटले की 'चे-ए' मंदावते. एरवी ते 'चे-वाय'ला फॉस्फेट देते आणि फॉस्फेट घेतलेले 'चे-वाय' मोटरीला जाऊन भिडले की गिरकी होते. इथे 'ओम्प-आर'सारखे डीएनएकडे जावे लागत नाही, म्हणून सगळे सेकंदाच्या अंशात घडते, आणि 'चे-झेड' नावाचे प्रथिन फॉस्फेट लगेच पुसत राहते. मात्र याच्या जोडीला एक संथ काम चालते. 'चे-आर' हे प्रथिन संवेदकावर मिथाइल गट चढवत असते आणि 'चे-बी' ते उतरवत असते. अन्न वाढून काही सेकंद झाले की मिथाइल गट वाढतात आणि 'चे-ए' पुन्हा मूळ गतीवर येते. म्हणजे अन्नाचा नवा स्तर आता रोजचा झाला. संवेदकावर किती मिथाइल गट आहेत, हीच मागच्या काही सेकंदांची नोंद. सड्यावरचे काका, तुमच्या पाऱ्यात नसलेली गोष्ट ती हीच.

खाडीतल्या व्हिब्रिओंची तऱ्हा आणखी वेगळी आहे. त्यांची टोकाची एकुलती कशाभिका सोडियमच्या बळावर फिरते, जो समुद्राच्या पाण्यात मुबलक असतो, आणि व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसमध्ये तिचा वेग सेकंदाला १७०० फेऱ्यांपर्यंत मोजला गेला आहे. हा जीवाणू पुढे जातो, मग उलटा मागे येतो आणि पुन्हा पुढे निघताना झटक्याने दिशा बदलतो. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसमध्ये तर ही मोटरच स्पर्शेंद्रियाचे काम करते. तो कोळंबीच्या कवचाला किंवा चिकट थराला लागला की मोटर अडखळते, आणि ते अडखळणेच अंगभर नव्या कशाभिका फुटण्याची सुरुवात करून देते. मॅकार्टर आणि सहकाऱ्यांनी हे १९८८ मध्ये दाखवले.

सड्यावरचा

मिथाइल गटांचे समजले. स्थिर परिस्थितीकडे दुर्लक्ष करून केवळ बदल टिपणारे मंडल आम्ही हाताने जुळवत असू. तेच काम पेशीत प्रथिने करतात, हे माहीत नव्हते. 'कळते' या शब्दावरचा आक्षेप मी मागे घेत नाही, पण 'नोंद' हा शब्द मान्य करतो.

निवटी

मॅडम, काल प्रयोगशाळेत तुम्ही सांगितल्याप्रमाणे खाडीच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेतला आणि वर पातळ काच ठेवताना मुद्दाम एक हवेचा बुडबुडा राहू दिला. सुरुवातीला जीवाणू सगळीकडे सारखेच पळत होते. वीसेक मिनिटांनी पाहिले तर काचेच्या मधल्या भागात बरेचसे थांबले होते आणि बुडबुड्याच्या कडेला इतके दाटले होते की ती कडा हलते आहे असे वाटत होते. आणखी एक गोष्ट दिसली, ती मी वहीत काढून ठेवली आहे. कडेला चिकटून एक दाट पट्टा होता, मग थोडी मोकळी जागा होती आणि त्या पलीकडे दुसरे एक बारीक कडे होते, ज्यात पीळदार आकाराचे जीवाणू होते. ते बुडबुड्याकडे येत आणि ठरावीक अंतरावरून परतत होते. मला वाटले काच मळकी आहे, म्हणून दुसरा थेंब घेतला. तसेच दिसले.

खाडीकाठ

काच मळकी नव्हती. कडेला होते त्यांना भरपूर प्राणवायू हवा आहे. ज्यांचे कडे थोडे दूर होते त्यांना तो थोडाच हवा आहे, जास्त झाला तर त्यांना अपाय होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी परतत ते मधल्याच रेषेवर टिकतात. ई. कोलायमध्ये या कामासाठी 'एअर' नावाचे संवेदक आहे. ते प्राणवायूला थेट धरत नाही, तर पेशीतल्या श्वसनाची स्थिती ओळखते आणि तीच खबर 'चे-ए'कडे देते. तुझ्या पीळदार जीवाणूत कोणते संवेदक आहे हे एका थेंबावरून सांगता येणार नाही, पण तू पाहिलेली मोकळी जागा किती मायक्रॉन रुंद होती हे मोजता येईल. सोमवारी नेत्रिकेतली मोजपट्टी काढून ठेवते. येताना धक्क्याच्या पायरीवरचे हिरवे धाग्यासारखे शेवाळ थोडे घेऊन ये. बुडबुड्याऐवजी तो धागा ठेवून त्याच्या अर्ध्याच भागावर उजेड पाडू. एंगेलमान यांनी १८८० च्या दशकात असेच केले होते आणि शेवाळाला जिथे उजेड मिळाला तिथेच जीवाणू गोळा झाले होते.